उंडगे आकडे आणि कोंडवाडा: गट पाडण्याआधी आउटलायरचं काय करायचं

लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी आकडेमोडीचं काम बघते. नांदेडला संख्याशास्त्रात एम.एस्सी. करताना वाटायचं, डेटा हातात आला की अर्धं काम झालं. नोकरीच्या पहिल्याच खरिपात सभासदांचं सर्वेक्षण झालं. जमीन किती, सोयाबीन किती बॅगा, उतारा काय पडला, दुभती जनावरं किती, बोअर किती फूट, कर्ज किती. संचालकांचं म्हणणं साधं होतं: सगळ्यांना एकच सल्ला पाठवून उपयोग नाही, सारख्या परिस्थितीतले शेतकरी एकत्र करा, मग गटवार बघू. म्हणजे क्लस्टर ॲनालिसिस. मी के-मीन्स चालवलं, तीन गट मागितले, तीन मिळाले. पहिल्यात जवळजवळ सगळे सभासद, दुसऱ्यात दोघे आणि तिसऱ्यात एकटे एक मामा.

बैठकीत एका संचालकांनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं, "मॅडम, ह्या तिसऱ्या गटाची सभा घ्यायची तर चहा एकच सांगायचा का?"

मामांच्या नावापुढे साठ एकर जमीन होती. मी घरी येऊन फोन लावला. "अवो ताई, सहा म्हणलं व्हतं म्या. साठ एकर असते तर तुमचा फोन उचलला असता का मी?"

आमच्याकडे मोकाट फिरणाऱ्या जनावराला उंडगं म्हणतात. आउटलायरला, म्हणजे बाकीच्यांपासून फार लांब पडलेल्या आकड्याला, ऑफिसात आता तेच नाव पडलंय. उंडगं जनावर सापडलं की गावात त्याला कोणी मारत नाही, कोंडवाड्यात घालतात आणि मालक येईपर्यंत थांबतात. आकड्यांचंही तसंच करायला मी जरा उशिरा शिकले. तुमचा डेटा शेतीचा नसेल, दुकानाचा किंवा शाळेचा असेल, तरी खालचा क्रम चालेल. एक्सेल येतं आणि के-मीन्सचं नाव ऐकलंय, एवढं पुरे.

एका आकड्यानं एवढा बिघाड का होतो

के-मीन्स प्रत्येक बिंदूचं त्याच्या गटाच्या मध्यापासूनचं अंतर घेतं, त्याचा वर्ग करतं आणि सगळ्या वर्गांची बेरीज कमीत कमी करायला बघतं. अंतर दहापट असेल तर वजन शंभरपट. मग त्या एका आकड्याला स्वतंत्र गट देऊन टाकणं हेच हिशेबाला सगळ्यात स्वस्त पडतं. तीनातला एक गट असा खर्ची पडला की बाकी गाव उरलेल्या दोनांत कोंबलं जातं. पद्धत जुनी आहे. स्टुअर्ट लॉइड यांनी बेल लॅब्जमध्ये ती १९५७ साली मांडली, के-मीन्स हे नाव जेम्स मॅकक्वीन यांनी १९६७ साली दिलं, आणि तिचा हा स्वभाव तेव्हापासूनचाच आहे. वॉर्डच्या पद्धतीनं, म्हणजे जवळचे गट जोडत जोडत झाडासारखी आकृती काढली तरी सुटका नाही, कारण तिथेही वर्गांचीच बेरीज असते.

काय काय जवळ हवं

- सर्वेक्षणाची मूळ फाइल, आणि तिची एक प्रत जिला कधीही हात लावायचा नाही
- कोरा फॉर्म. रकान्याचं नाव "क्षेत्र" असतं, पण फॉर्मवर एकरात विचारलं होतं की हेक्टरात, हे तिथेच कळतं
- कोणता फॉर्म कोणी भरला त्याची यादी
- जमिनीच्या पडताळणीसाठी सातबारा आणि ८-अ (एका खातेदाराची गावातली सगळी जमीन दाखवणारा कागद). पिकाखालच्या क्षेत्रासाठी ई-पीक पाहणीची नोंदही कामी येते
- एक्सेल किंवा लिब्रे ऑफिस कॅल्क. पुढच्या पायऱ्यांसाठी पायथन (पांडाज, सायकिट-लर्न) किंवा आर. सगळं फुकट मिळतं, एक्सेल सोडून
- गावातला एक जाणता माणूस. आमच्याकडे एक निवृत्त कृषी सहायक काका आहेत, त्यांना आकडा वाचून दाखवला की ते नुसत्या "हं" वरून सांगतात की खरा का खोटा

१. प्रत करा, क्रमांक द्या, शेरा रकाना उघडा

यात फार सांगण्यासारखं नाही, पण बहुतेक जण हेच करत नाहीत. प्रत्येक ओळीला कायमचा क्रमांक द्या. नाव आणि फोन वेगळ्या फाइलीत काढून ठेवा, विश्लेषणाच्या फाइलीत फक्त क्रमांक राहू द्या. शेवटी "शेरा" नावाचा रिकामा रकाना जोडा. इथून पुढे कोणतीही ओळ पुसायची नाही, शेरा लिहायचा.

२. गणिताआधी एकक तपासा

माझ्या अनुभवात मराठवाड्यातल्या कोणत्याही ग्रामीण डेटात निम्म्याहून जास्त उंडगे आकडे इथेच जन्माला येतात. त्यामुळे इथे घाई करू नका.

जमिनीपासून सुरू करू. फॉर्मवर "एकर" छापलेलं असतं. शेतकरी म्हणतो, दोन एकर तीस गुंठे. भरणारा पोरगा लिहितो २.३०. तुमचं सॉफ्टवेअर वाचतं दोन पूर्णांक तीन दशांश. खरं क्षेत्र आहे २.७५ एकर, कारण एकरात चाळीस गुंठे. ओळखायची खूण सोपी आहे. एकाच माणसानं भरलेल्या फॉर्मांवरचे जमिनीचे आकडे घ्या आणि दशांशचिन्हानंतरचे दोन अंक बघा. भरपूर फॉर्म असूनही ते कधीच ३९ च्या पुढे जात नसतील, तर तो गुंठे लिहितोय. "२.५" मात्र खरं संकट आहे. अडीच एकर की दोन एकर पाच गुंठे? ते विचारल्याशिवाय कळणार नाही.

दुसरा एखादा पोरगा सातबारा समोर ठेवून भरतो. तिथे क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. ०.८१ म्हणजे जवळपास दोन एकर, पण एकराच्या रकान्यात तो माणूस पाऊण एकराचा अल्पभूधारक दिसतो. हा आकडा टोकाला जातच नाही, गर्दीत बसून राहतो. कोणतीही आउटलायर पद्धत त्याला पकडणार नाही. म्हणूनच एककाची तपासणी पद्धतीच्या आधी येते.

आता सोयाबीन. आमच्या भागात पेरा बॅगांत सांगतात. "चार बॅगा सोयाबीन हाय" म्हणजे तीस किलोच्या चार पिशव्या बियाणं, साधारण चार एकर. उताराही बॅगेला सांगतात: "बॅगेला आठ पडलं", म्हणजे बॅगेमागे आठ क्विंटल. फॉर्मवर "एकूण उत्पादन (क्विंटल)" असा रकाना असेल तर कोणी बत्तीस लिहितो, कोणी आठ, आणि कोणी कट्टे मोजून भलताच आकडा. तीन वेगवेगळ्या गोष्टी एका रकान्यात शेजारी बसतात आणि के-मीन्स त्यातून मोठ्या उत्साहानं तीन गट काढून देतं. ते गट शेतकऱ्यांचे नसतात, फॉर्म भरणाऱ्यांचे असतात.

ही गंमत नाही. गट पडल्यावर मी आजही पहिलं कोष्टक काढते ते गट आणि फॉर्म भरणारा यांचं. एखाद्या गटात एकाच पोराचे फॉर्म दिसले की ते विश्लेषण तिथेच थांबतं.

बाकीचं पटकन: बोअरची खोली काही जण मीटरमध्ये देतात (१८३ मीटर म्हणजे ६०० फूट). "निरंक", "नाही", आडवी रेघ आणि रिकामी जागा या चार वेगळ्या गोष्टी असू शकतात. जनावरं नाहीत म्हणजे शून्य, पण विचारलंच नाही म्हणजे शून्य नव्हे. माहिती नाही तिथे ९९९ किंवा उणे ९९ टाकायची जुनी सवय असते, आणि कर्जाच्या रकान्यात ९९९ बघून कोणाला शंकाही येत नाही. मातीचा सामू ७८ दिसला तर ७.८ चा टिंब हरवलाय, कारण सामूची पट्टी १४ ला संपते.

३. एकेक रकाना उभा करून बघा

प्रत्येक रकाना चढत्या क्रमानं लावा आणि वरचे दहा, खालचे दहा आकडे डोळ्यांनी वाचा. मग बॉक्सप्लॉट काढा, म्हणजे मधली गर्दी पेटीत आणि टोकाचे आकडे ठिपक्यांत दाखवणारा आलेख. त्यानंतरच सूत्रं.

सूत्रांत पहिला सापळा झेड-स्कोअरचा आहे, म्हणजे आकडा सरासरीपासून किती प्रमाण विचलनं लांब आहे त्याचा. "सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांच्या बाहेर तो आउटलायर" हे सगळ्यांना पाठ असतं. समजण्यासाठी दहा जणांची जमीन घेऊ, एकरात: २, २.५, ३, ३, ३.५, ४, ४, ५, ६ आणि ६०. सरासरी ९.३. प्रमाण विचलन १७.८५. साठचा झेड-स्कोअर किती? २.८४. तीनच्या आत! म्हणजे नियमाप्रमाणे साठ एकरवाले मामा बिनदोष सुटले.

कारण उघड आहे. साठनं स्वतःच सरासरी वर ओढली आणि विचलन फुगवलं, मग त्याच फुगलेल्या पट्टीनं स्वतःला मोजून घेतलं. चोराच्याच हातात तिजोरीची किल्ली. दहा नोंदींत कोणत्याही आकड्याचा झेड-स्कोअर २.८५ च्या वर जाऊच शकत नाही, आकडा साठ असो की साठ लाख. नोंदी हजारो असल्या तर हा त्रास कमी होतो, पण तेव्हाही दोन-चार मोठे आकडे एकमेकांना आडोसा देऊन लपतात.

म्हणून सरासरीऐवजी मध्यक घ्या, म्हणजे चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा. वरच्या यादीचा मध्यक ३.७५. प्रत्येक आकड्याचं मध्यकापासूनचं अंतर काढा, आणि त्या अंतरांचा पुन्हा मध्यक काढा: तो येतो १. याला मॅड म्हणतात. आता सुधारित झेड-स्कोअर = ०.६७४५ × मध्यकापासूनचं अंतर ÷ मॅड. साठसाठी उत्तर येतं जवळपास ३८, सहा एकरवाल्यासाठी १.५. साडेतीनच्या वर गेलं की शंका घ्यायची, असा रिवाज आहे.

दुसरी, त्याहून सोपी पद्धत जॉन टुकी यांची, १९७७ सालची. आकड्यांचा खालचा चतुर्थक (खालच्या निम्म्या आकड्यांचा मध्यक) आणि वरचा चतुर्थक (वरच्या निम्म्यांचा) काढा. इथे ते ३ आणि ५. त्यांतलं अंतर २, त्याची दीडपट ३. वर ५+३ म्हणजे ८ आणि खाली ३−३ म्हणजे शून्य, ही झाली कुंपणं. साठ कुंपणाबाहेर. तुमचं सॉफ्टवेअर चतुर्थक थोडे वेगळे देईल, मोजायच्या रीती अनेक आहेत, घाबरू नका.

मॅडचा एक खोडा लक्षात ठेवा. निम्म्याहून जास्त नोंदी एकच आकडा दाखवत असतील, जसं दुभती जनावरं शून्य, तर मॅडही शून्य येतो आणि भागाकार कोसळतो. अशा वेळी आधी "जनावरं आहेत की नाहीत" असा वेगळा रकाना करा आणि ज्यांच्याकडे आहेत त्यांचीच संख्या तपासा.

कर्ज, उत्पन्न, जमीन हे रकाने मुळातच एका बाजूला लांब शेपटीचे असतात. त्यांच्यावर टुकींचं कुंपण सरळ लावलं तर भरपूर प्रामाणिक माणसं बाहेर पडतात. आधी लॉग घ्या, मग कुंपण घाला. शून्य असतील तर एक मिळवून लॉग घ्या.

४. कुंपणाबाहेर दिसला की फोन करा

नवीन माणूस नेमका इथे घसरतो. यादी तयार झाली की बोट डिलीटच्या बटणाकडे जातं. मीही तेच केलं होतं. कुंपणाबाहेरचे सगळे उडवले आणि गट इतके गोंडस आले की मी लगेच रंगीत आलेख काढले. निवृत्त काकांनी आलेख पाहिला आणि एवढंच म्हणाले, "आपले तीन द्राक्षवाले कुठं गेले?"

ते मी उडवले होते. त्यांचा एकरी खर्च सोयाबीनवाल्यांच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे तिघे कुंपणाबाहेर. पण ते तिघे एकमेकांसारखे होते. गट शोधायला निघाले होते आणि सगळ्यात स्पष्ट गट पायरी तीनवरच फेकून दिला होता. इतर विश्लेषणांत आणि गट पाडण्यात फरक आहे तो हाच: एका रकान्यात टोकाला दिसणारे आकडे हा छोटा पण खरा गट असू शकतो.

म्हणून प्रत्येक उंडग्या आकड्याला विचारायचं, तू कोणाचा? उत्तर चार प्रकारचं येतं. पहिलं, लिहिण्यातली चूक, जशी साठ एकरांची. ती दुरुस्त करायची. दुसरं, एककाचा घोळ. तो बदलून घ्यायचा, आणि तोच माणूस बाकीच्या फॉर्मांतही तसंच लिहीत होता का हे बघायचं. तिसरं, आकडा खरा आणि माणूस एकटाच तसा. चौथं, आकडा खरा आणि तसे अजून काही जण आहेत. तिसरा कोंडवाड्यात जातो, चौथ्याला हात लावायचा नाही.

फोन करायच्या आधी कागदावर थोडी छाननी होते. महाराष्ट्रात पाच जणांच्या कुटुंबाला कोरडवाहू जमिनीची कमाल मर्यादा ५४ एकर आहे. साठ दिसले की आधी भुवई उंचवायला हवी होती. अर्थात एकत्र कुटुंबाचे सगळे खाते एका नावावर सांगणारे असतातच, त्यामुळे तेवढ्यावर निकाल द्यायचा नाही, ८-अ बघायचा. एकरी चाळीस क्विंटल सोयाबीन मात्र कोणत्याच कागदानं खरं ठरत नाही. फोन करताना "तुम्ही चुकीचं सांगितलं" असा सूर लावू नका. "मामा, माझ्याकडून लिहिताना काही चुकलं का बघा बरं" म्हटलं की माणूस खुलतो, आणि शेजाऱ्याचीही चूक सांगून टाकतो.

अनेक वर्षांचा डेटा एकत्र केला असेल तर अजून एक फसगत होते. लातूरकरांनी २०१५-१६ चा दुष्काळ पाहिलाय, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. त्या वर्षीचा घराघराचा पाण्याचा खर्च इतर वर्षांच्या शेजारी ठेवला तर सगळीच घरं टोकाला जातात. त्यात चूक कुठलीच नाही. पण गट पाडले तर ते घरांचे न पडता वर्षांचे पडतात. अशा वेळी प्रत्येक वर्षाचा मध्यक त्या वर्षातून वजा करून मग पुढे जा. पावसाचंही तसंच. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की आपल्याकडे अतिवृष्टी धरतात. मंडळांचे गट पावसावरून पाडताना हे दिवस आउटलायर म्हणून काढले, तर उरतं काय?

५. दोन रकाने जोडून बघा

एक एकर जमीन, नवल नाही. पंधरा म्हशी, गावात एखाद्याकडे असतातच. पण एक एकर आणि पंधरा म्हशी एकाच ओळीत आले तर तो माणूस वेगळा आहे, आणि कोणत्याही एका रकान्याच्या कुंपणात तो अडकणार नाही. त्यासाठी रकान्यांच्या जोड्यांचे ठिपक्यांचे आलेख काढा. पाच-सहा रकाने असतील तर एका संध्याकाळचं काम.

पुस्तकं इथे महालनोबिस अंतर सुचवतात. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी ते १९३६ साली मांडलं. रकान्यांचे एकमेकांशी असलेले संबंध धरून ते अंतर मोजतं आणि साधन म्हणून उत्तमच आहे. पण गट पाडण्याच्या आधी ते सगळ्या डेटावर लावू नका. ते धरून चालतं की सगळे बिंदू एकाच ढगातले आहेत. तुमच्याकडे दोन ढग असतील आणि एखादा बिंदू त्या दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेत असेल, तर महालनोबिस त्याला अगदी मधला, साधा सरळ माणूस ठरवतं. खरं तर तोच सगळ्यात एकाकी. गट पडल्यावर, एकेका गटाच्या आत ते जरूर वापरा.

आधी वापरायचं असेल तर शेजारावर चालणारं काहीतरी घ्या. साधं म्हणजे प्रत्येकाचं पाचव्या जवळच्या शेजाऱ्यापर्यंतचं अंतर. ज्याचं फार मोठं, तो एकटा. लोकल आउटलायर फॅक्टर ही २००० सालची पद्धत त्याच्या पुढची: ती आजूबाजूच्या वस्तीची दाटी बघून ठरवते. आयसोलेशन फॉरेस्ट (२००८) अंतर मोजत नाही, डेटाचे कसेही काप करत कोण लवकर एकटा पडतो ते बघतं. ते वेगानं चालतं, पण किती टक्के आउटलायर आहेत हे तुम्ही सांगितलंत तर तेवढे ते शोधूनच देतं, असोत वा नसोत. शेजाऱ्यापर्यंतच्या अंतरांना मोजपट्टी आधी सारखी करावी लागते, म्हणून ही पायरी पुढच्या पायरीबरोबर मागेपुढे करावी लागेल.

६. मोजपट्टी सारखी करा

जमीन एकरात, कर्ज रुपयांत. तसंच सोडलं तर गट फक्त कर्जावरून पडतात, त्यामुळे स्केलिंग लागतंच. पण मिन-मॅक्स स्केलिंग म्हणजे सगळ्यात लहान आकड्याला शून्य आणि सगळ्यात मोठ्याला एक. वरच्या यादीत साठ राहिला तर उरलेले नऊ जण शून्य ते ०.०७ एवढ्याशा फटीत चेपले जातात. दोन एकर आणि सहा एकर यांतला फरक, म्हणजे आमच्या भागात दुसऱ्याच्या रानात मजुरीला जायचं की नाही एवढा फरक, जवळजवळ नाहीसा होतो. सरासरी-विचलनाच्या पद्धतीतही तो ०.२२ च उरतो. मध्यक वजा करून चतुर्थकांतल्या अंतरानं भागलं, ज्याला रोबस्ट स्केलिंग म्हणतात, तर तोच फरक बरोबर २ येतो.

मात्र रोबस्ट स्केलिंग आउटलायर घालवत नाही. ते बाकीच्यांना श्वास घ्यायला जागा देतं, उंडगा तिथेच लांब उभा असतो.

७. कोंडवाडा

फाइलीत "कोंडवाडा" नावाची वेगळी शीट उघडा. तिसऱ्या प्रकारचे, खरे पण एकटे, इथे येतात. मूळ क्रमांक, कोणत्या रकान्यामुळे, कोणी पडताळलं, कोणत्या तारखेला, काय ठरलं, एवढं लिहायचं. चूक दुरुस्त केली असेल तर जुना आकडा आणि नवा आकडा दोन्ही.

काही जण ओळ काढण्याऐवजी आकडा कुंपणापाशी आणून ठेवतात, म्हणजे आठच्या वरचं सगळं आठ. एखाददुसऱ्या आकड्याला हे ठीक. पण खूप जणांना असं छाटलं तर सगळे एकाच रेषेवर येऊन उभे राहतात, आणि के-मीन्सला ती गर्दी नवा गट वाटते. असा एक "मोठे शेतकरी" गट मी स्वतः तयार करून आठवडाभर मिरवलाय.

किती जण कोंडवाड्यात चालतील? टक्केवारीचा नियम मी सांगणार नाही. पण यादी पाहून गावातल्या जाणत्याला प्रत्येक ओळीचं कारण एका वाक्यात सांगता येत नसेल, तर तुम्ही जास्त कोंडलेत.

८. पद्धत बदलून बघा

के-मीन्सच हवं असा हट्ट नसेल तर के-मेडॉइड्स वापरा. त्यात गटाचा मध्य म्हणजे काल्पनिक सरासरी नसते, प्रत्यक्ष एक सभासद असतो, आणि अंतराचा वर्ग करावा लागत नाही. लोकांना समजावायलाही सोपं: "हा गट म्हणजे अमुक काकांसारखे शेतकरी." ट्रिम्ड के-मीन्स ठरावीक टक्के लांबचे बिंदू आपणहून बाजूला ठेवून गट पाडतं.

डीबीस्कॅन (१९९६) दाटीवरून गट करतं आणि कोणातच न बसणाऱ्यांना वेगळं काढतं. सायकिट-लर्नमध्ये त्यांना उणे एक हा क्रमांक मिळतो. तयार कोंडवाडाच. अडचण एवढीच की किती अंतरापर्यंत शेजारी धरायचा ती त्रिज्या तुम्ही ठरवायची असते, आणि आमच्यासारखा डेटा, जिथे सोयाबीनवाले दाटीवाटीनं आणि फळबागवाले विरळ, एका त्रिज्येत बसत नाही. लहान घेतली तर फळबागवाले सगळे उणे एक, मोठी घेतली तर बाकी गाव एकच ढीग. अशा वेळी एचडीबीस्कॅन करून बघा, ते एकाच त्रिज्येवर अडून बसत नाही.

९. दोनदा चालवा

एकदा सगळ्यांना घेऊन, एकदा कोंडवाड्याशिवाय. दोन्ही निकालांचं आडवं-उभं कोष्टक मांडा: पहिल्या वेळी कोण कुठे होतं, दुसऱ्या वेळी कुठे गेलं. दोन्हींत असलेल्या सभासदांवर ॲडजस्टेड रँड इंडेक्स काढा, म्हणजे दोन वेळचे गट किती जुळतात त्याचा आकडा. एकाच्या जवळ आला तर कोंडवाड्यातल्यांनी फारसं काही बिघडवलं नव्हतं, शून्याच्या जवळ आला तर दोन्ही वेळचे गट जुळतच नाहीत.

सिलुएट स्कोअरवर, म्हणजे प्रत्येक जण आपल्या गटाच्या किती जवळ आणि दुसऱ्या गटापासून किती लांब याच्या आकड्यावर, विश्वास टाकताना जपा. तो जितका एकाच्या जवळ तितके गट चांगले, असं सांगतात. दहा जणांच्या त्या यादीचे दोन गट करा: साठवाला एकटा आणि बाकी नऊ. सरासरी सिलुएट येतो ०.८८ च्या आसपास. झकास आकडा! माझ्या पहिल्या सादरीकरणात असाच एक आकडा ठळक अक्षरांत होता. सिलुएट खोटं बोलत नव्हता, नऊ जण साठपासून खरोखरच लांब आहेत. पण त्या नऊ जणांत काय फरक आहे, याबद्दल तो एक अक्षर सांगत नव्हता. म्हणून सरासरीच्या जोडीला प्रत्येक गटात किती माणसं आहेत तेही नेहमी लिहा. एक-दोन माणसांचा गट दिसला की पायरी चारवर परत.

१०. कोंडवाड्यातल्यांना परत आणा

गट ठरल्यावर कोंडवाड्यातल्या प्रत्येकाचं सगळ्या गटांच्या मध्यापासूनचं अंतर मोजा. एखाद्या गटाच्या बऱ्यापैकी जवळ असेल तर तिथे जोडा आणि शेऱ्यात "नंतर जोडला" लिहा. मध्य मात्र पुन्हा मोजू नका, नाहीतर तोच उंडगा गटाला पुन्हा आपल्याकडे ओढेल. जे कोणाच्याच जवळ नाहीत त्यांची यादी अहवालात वेगळ्या पानावर द्या, त्यांना "इतर" नावाचा गट करू नका. त्यांच्यात काहीच सारखं नसतं.

गेल्या वेळी आमच्या त्या पानावर चार जण उरले. एक एकर आणि पंधरा म्हशीवाले दादा त्यांत होते. सोयाबीनचा सल्ला त्यांना कशाला पाठवायचा, म्हणून संचालकांनी थेट फोन लावला. दादा म्हणाले, सोयाबीनचं भुसकट कोणी विकत असंल तर सांगा, वैरणीला लागतं.

ते तर पहिल्या गटातल्या निम्म्या लोकांकडे बांधावर पडून होतं.